पहिली बैठक

सकाळपासून प्रतापरावांची आरी सापडत नव्हती, आणि आरी सापडली नाही की प्रतापराव माणसात राहत नसत. राजाजीनगरातल्या त्यांच्या दुकानात हत्यारं बारा-तेरा होती, पण चामड्याला भोक पाडायची ही एकच आरी त्यांना आपली वाटे. तिची शिसवी मूठ वडिलांच्या, हणमंतरावांच्या, अंगठ्याने एका बाजूला खोल झिजली होती आणि दुसऱ्या बाजूला प्रतापरावांच्या. काल संध्याकाळी ती खुंटीवर होती, आज नव्हती. त्यांनी रेक्झिनचे गठ्ठे उलथेपालथे केले, स्पंजच्या तुकड्यांत कोपरापर्यंत हात घालून पाहिला, बायकोला विचारलं, आणि ती नाही म्हणाल्यावर तिलाच चार शब्द सुनावले.

"लग्नानंतर लेक पहिल्यांदा देवीला निघाली आहे," कौशल्याबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही त्या टोच्यासाठी घर डोक्यावर घ्या."

बाहेर ओट्यासमोर जावयाची लाल मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी होती आणि शौर्य फडक्याने तिची टाकी पुसत होता. लग्नाला दीड महिना झाला होता. रीतीप्रमाणे नव्या जोडप्याने तुळजापूरला जाऊन ओटी भरायची होती. इतर लोक त्यासाठी बसची तिकिटं काढतात, शौर्यने नकाशा काढला. साडेसहाशे किलोमीटर, दोन दिवस, वाटेत होस्पेटला मुक्काम. हर्षिता नवऱ्याहून दुप्पट खूश. कौशल्याबाईंनी आठ दिवस अबोला धरून पाहिला, पण तो लेकीच्या लक्षातच आला नाही, तेव्हा मुकाट्याने लाडू वळायला घेतले.

अडचण होती ती सामानाची. गाडीला मुळात कॅरिअर होता, तो शौर्यने काढून टाकला होता, कारण त्याने म्हणे गाडी दूधवाल्याची वाटते. मग साडी गार्ड काढला. मग मागचा मडगार्ड अर्धा कापला, म्हणजे चाक उघडं दिसतं आणि गाडी शर्यतीतली वाटते. आता ती शर्यतीतली वाटत होती खरी, पण तिच्यावर बायकोची एक पिशवी टांगायलाही जागा उरली नव्हती.

"मामा, तुम्ही काही करू शकाल का?" त्याने सासऱ्यांना विचारलं होतं. आणि त्या एका प्रश्नाने प्रतापराव दहा वर्षांनी तरुण झाले होते.

कारण हे घराणं मूळचं खोगीर शिवणारं. मराठ्यांच्या फौजेमागोमाग त्यांचा कुणी पूर्वज दक्षिणेत उतरला आणि इथे कानडी मुलखातच राहिला, असं घरात सांगतात. फौजा गेल्या, घोडे गेले, टांगेही गेले. शिवणारे तेवढे मागे राहिले. हणमंतरावांनी शर्यतीच्या घोड्यांची कामं केली, प्रतापरावांच्या वाट्याला स्कूटरच्या आणि ऑटोच्या सीटा आल्या. तीस वर्षं रेक्झिन शिवून त्यांचा हात विटला होता. आता जावयाने मागितली ती खरीखुरी खुर्जी, घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबणारी जोडपिशवी, फक्त घोड्याच्या जागी मोटरसायकल.

दहा संध्याकाळी ते त्या कामाला बसले. जाड चामडं आणलं, पितळी बकलं शोधून काढली, दोऱ्याला स्वतः मेण लावलं. डावी पिशवी हर्षिताने शिवली, उजवी त्यांनी. मुलगी लहानपणापासून दुकानात वाढलेली, तिचा टाका बापाच्या टाक्याहून बारीक पडतो हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. पिशव्या सीटवरून दोन्ही बाजूंना सोडल्या. आता त्या वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून त्यांना आतून बांधायला हवं. घोड्याला पोटाखालून पट्टा घेतात, त्याला तंग म्हणतात. प्रतापरावांनी गाडीलाही तंग दिला. मडगार्ड कापून जी मोकळी जागा झाली होती तिच्यातून, सीटच्या खालून आणि चाकाच्या वरून, एक दुहेरी पट्टा या पिशवीकडून त्या पिशवीला घट्ट आवळला.

"टायरला लागणार नाही ना, मामा?" शौर्यने वाकून विचारलं होतं.

प्रतापरावांनी पट्टा आणि टायर यांच्यामध्ये हात घालून दाखवला. "चार बोटं आहेत, जावईबापू. आमच्यात चार बोटं म्हणजे चार बोटं."

नवा जावई. सासऱ्याच्या हुन्नरापुढे किती बोलणार?

राहिली होती एक गोष्ट. घराण्याचा नेम असा की खोगीर तयार झालं की पहिली बैठक कारागिराची. पूर्ण ओझं लादायचं, स्वतः वर बसायचं आणि गावाबाहेर फेरी मारून यायची. काही मोडायचं असेल तर शिवणाऱ्याच्या अंगाखाली मोडू दे, गिऱ्हाइकाच्या नको. हणमंतरावांनी साठी उलटल्यावरही हा नेम चुकवला नव्हता. काल संध्याकाळी शेवटचं बकल लागलं तेव्हा हर्षिताच हळूच म्हणाली, "अप्पा, पहिली बैठक?"

शौर्यला ते समजावून सांगितल्यावर तो हरखलाच. "मग बसा ना मामा! नवरंग टॉकीजपर्यंत एक राउंड मारून आणतो."

आता प्रतापरावांचं एक गुपित सांगायला हवं. हजारो स्कूटरींच्या सीटा शिवलेला हा माणूस दुचाकीला घाबरत असे. वीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्यांना आग्रहाने मागे बसवलं होतं. ते डोळे मिटून बसले आणि नवरंगच्या चौकात उतरून गटारावर वाकले. त्यानंतर ते बसने जात, ऑटोने जात, नाहीतर चालत, आणि वर सांगत की डॉक्टरने चालायला सांगितलं आहे. घरातल्या दोघींना खरं ठाऊक होतं. जावयाला कळू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

"अहो, ते घोड्याचं," ते म्हणाले. "घोडा जिवंत जनावर, अंग चोरतो, पोट फुगवतो. म्हणून बसून बघायचं. हे लोखंड. ह्याला काय बघायचं? शिवाय माझी कंबर धरली आहे."

हर्षिताने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "सरी, बरं अप्पा," एवढंच म्हणाली आणि दुकानात गेली. बैठकीच्या जागी प्रतापरावांनी नारळ वाढवला, खुर्जीला हळदकुंकू लावलं, आणि देवाला मध्ये घातल्यावर माणसाला वाटतं तसं त्यांना हलकं वाटलं.

तर आज सकाळी साडेसहाला, आरीवाचून चरफडतच, त्यांनी लेकीला निरोप दिला. पिशव्या गच्च भरल्या होत्या. कपडे, लाडूंचा डबा, देवीची हिरवी साडी, खण, नारळ, आणि शौर्यची निम्मी हत्यारं. हेल्मेट एकच होतं, ते शौर्यच्या डोक्यावर. हर्षिताने ओढणी डोक्याभोवती गुंडाळली होती. ती वाकून पाया पडली आणि उठताना काहीतरी बोलायला म्हणून थांबली, पण मागून शौर्यने किक मारली आणि त्या आवाजात राहिलं ते राहिलं. जानेवारीच्या धुक्यात लाल दिवा कोपऱ्यापर्यंत दिसला, मग वळला.

कौशल्याबाई डोळे पुसत आत गेल्या. प्रतापराव ओट्यावर चहा घेऊन बसले. आपण शिवलेली खुर्जी आज तुळजापूरच्या वाटेला लागली या विचाराने त्यांना बरं वाटत होतं.

सातला दहा कमी असताना परसू दूधवाला आला. गेली आठ वर्षं तो येतो. मोपेडवर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. ओट्याच्या पायरीला लागून मोपेड उभी करायची, दूध मापायचं, परत बसायचं. आणि तो बसला की कॅनचं बूड पायरीवर आपटायचं, ठण्णकन. आठ वर्षं रोज सकाळी हा आवाज प्रतापरावांच्या कानावर पडत होता. आज तो त्यांनी ऐकला.

"परसू, स्वल्प थांब. उतर."

"काय झालं, अण्णा?"

"उतर म्हणतो ना."

परसू उतरला. कॅन पायरीच्या वर उचलला गेला. प्रतापरावांनी कॅनखाली हात घातला. तीन बोटं सहज गेली. "आता बस." परसू बसला आणि कॅन त्यांच्या बोटांवर आला.

परसू अंगाने काडी. तो एकटा बसला तर गाडी तीन बोटं खाली बसते. तिकडे दोघंजण, वर तीस किलोंची खुर्जी. आणि त्यांनी माप घेतलं होतं ते गाडी मधल्या स्टँडवर असताना, मागचं चाक जमिनीपासून सुटून खाली लोंबत होतं तेव्हा. घोड्यावर कितीही लादा, त्याची पाठ पायांत घुसत नाही. गाडी बसते. सीट खाली येते, चाक वर येतं, आणि मध्ये होता त्यांचा तंग. चार बोटं केव्हाच संपली असणार. टायर चालत्या गाडीत त्या पट्ट्यावर घासत असणार, आणि पट्टा तुटला की खुर्जी एका अंगाने सुटणार, उघड्या चाकात जाणार, आणि चाक जागच्या जागी अडकणार. तुमकूर रोडवर, ट्रकांच्या मध्ये. मागे बसलेल्या पोरीच्या डोक्यावर नुसती ओढणी.

प्रतापराव चहा तसाच टाकून उठले.

फोन करायचा तर कुणाला? मोबाइल अजून आले नव्हते, रस्त्यावरच्या माणसाला फोन लागणार कुठे? बस वाटेत वीस ठिकाणी थांबणार. ऑटो पकडून काय होणार? तेवढ्यात शेजारचा बसवंत आपली जुनी मोटरसायकल बाहेर काढताना दिसला. तो बेळगावकडचा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता आणि आठच्या पाळीला निघाला होता. प्रतापराव अनवाणीच त्याच्याकडे धावले.

"बसवंता, तुमकूर रोड. हर्षिता... पट्टा तुटणार आहे. मी चुकीचा बांधला."

बसवंताला त्यातलं निम्मंच कळलं, पण चेहरा पुरता कळला. "बसा की हो मागं," तो म्हणाला. "बोलत काय बसलासा? बेगा, लवकर बसा."

प्रतापराव बसले. त्यांनी पाय टाकला आणि गाडी त्यांच्याखाली हळूच खाली गेली. ते जाणं त्यांना कमरेपासून मानेपर्यंत जाणवलं. काल संध्याकाळी दोन मिनिटं शौर्यच्या मागे बसले असते तर हेच जाणवलं असतं, आणि एवढ्या वर्षांच्या कारागिराला त्याच क्षणी कळलं असतं. त्यांनी बसवंताच्या खांद्याचा स्वेटर दोन्ही मुठींत धरला आणि डोळे मिटले. मग लक्षात आलं की डोळे मिटून चालणार नाही. रस्त्याच्या कडेला बघायला हवं. त्यांनी डोळे उघडले.

यशवंतपूरच्या अलीकडे पेट्रोल पंप होता. शौर्य इथे टाकी भरणार होता, काल तसं बोलला होता. बसवंताने गाडी न बंद करताच पंपावरच्या माणसाला कानडीत विचारलं. हो, लाल गाडी आली होती. टाकी पूर्ण भरली. जाऊन वीस मिनिटं झाली असतील. "मागून कसला तरी जळका वास येत होता," तो माणूस म्हणाला. "मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले नवीन चामडं आहे, उन्हात वाळलेलं नाही."

नवीन चामड्याचा वास जळका नसतो. प्रतापरावांना हे सांगायचं होतं, पण कुणाला सांगणार?

"चल," ते म्हणाले.

गोरगुंटेपाळ्याला ट्रकांची रांग लागली होती. बसवंताने गाडी मातीत उतरवली. दगड, खड्डे, टपऱ्यांचे बांबू, आणि उजव्या हाताला ट्रकांची माणसाएवढी चाकं. प्रत्येक खड्ड्यात गाडी बसत होती आणि प्रत्येक वेळी प्रतापराव मनात मोजत होते, हा खड्डा त्यांनाही लागला असेल, इथे एक दणका, तिथे एक. दुहेरी पट्टा आहे, ते स्वतःला सांगत होते, जाड आहे, मेणाच्या दोऱ्याने शिवला आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं काम पक्कं झाल्याची धास्ती वाटत होती. पट्टा कच्चा असता तर घराजवळच, गल्लीच्या तोंडाशी, बेताच्या वेगात तुटला असता. पक्का असल्यामुळे तो मोठ्या रस्त्यावर, गाडी सुसाट सुटल्यावर तुटणार होता.

पीण्यात कारखान्याचं फाटक आलं. बसवंताने मान वळवून तिकडे पाहिलं, एवढंच. गाडी वळली नाही.

"तुझी पाळी," प्रतापराव ओरडले.

"राहू द्या हो! घट्ट धरा."

त्यापुढे रस्ता मोकळा झाला आणि ते वाईट होतं. मोकळ्या रस्त्यावर शौर्य सत्तर-ऐंशीच्या खाली जायचा नाही. समोरून एक बस अंगावर येत होती, तिला ओलांडून दुसरी. बसवंत कडेच्या मातीत गेला, परत वर आला. प्रतापरावांना मळमळत होतं. ती मळमळ गिळून ते कडेच्या प्रत्येक झाडाखाली, प्रत्येक मोरीजवळ बघत होते. कुठे चार माणसं जमलेली दिसली की ते बसवंताला गाडी हळू करायला लावत. एका ठिकाणी बैलगाडीचं चाक निखळलं होतं, दुसऱ्या ठिकाणी लोक बसची वाट बघत होते. जगदंबे, ते म्हणत होते, माझं कंबरडं मोड, हवं तर आत्ता ह्या गाडीवरून पाड, पण पोरीला राख. नेलमंगला आलं आणि मागे पडलं.

नेलमंगला सोडून तीन-चार किलोमीटर झाले असतील. "थांब!" प्रतापराव असे ओरडले की बसवंताची गाडी घसरता घसरता राहिली.

रस्त्यात मधोमध काळपट काहीतरी पडलं होतं. ते उतरून धावले. वीतभर पट्टा होता. एका टोकाला पितळी बकल, दुसरं टोक टायरने खाल्लेलं, करपून कडक झालेलं. त्यांनी तो उचलला. शिवण मात्र शाबूत होती, एकही टाका उसवला नव्हता. त्या शाबूत टाक्यांकडे पाहून त्यांना हुंदका आला.

पुढे डांबरावर टायरचा काळा ओरखडा होता, लांबच लांब, आधी सरळ, मग नागमोडी, आणि मग तो रस्ता सोडून डावीकडे मातीत उतरला होता. तिथून पुढे वळण आणि चिंचेची झाडं, त्यामुळे काही दिसत नव्हतं. बसवंत म्हणाला, "अण्णा, तुम्ही थांबा हितंच. मी बघून येतो." प्रतापराव थांबले नाहीत. ते अनवाणी त्या ओरखड्यावरून धावत सुटले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, हातात पट्ट्याचा तुकडा, छाती भात्यासारखी चालली होती.

वळणापलीकडे लाल गाडी दिसली. ती उभी होती, स्टँडवर. शौर्य तिच्या मागच्या चाकाशी वाकून तारा चाचपत होता, त्याच्या एका बाहीची चिंधी झाली होती आणि कोपरातून रक्त येत होतं. हर्षिता कुठेच दिसत नव्हती.

प्रतापराव गाडीकडे धावले.

मग झाडाच्या बुंध्याआडून ओढणीचं टोक हललं. ती बुंध्याला टेकून मातीत बसली होती. गुडघा फुटला होता, केसांत धूळ होती, मांडीवर फाटलेली डावी पिशवी होती, आणि ती शिवत होती. एका हातात मेणाचा दोरा. दुसऱ्या हातात शिसवी मुठीची आरी.

प्रतापराव तिच्यासमोर मटकन खाली बसले. त्यांनी तिच्या डोक्याला हात लावला, खांद्याला लावला, परत डोक्याला लावला. "लागलं का? कुठे लागलं? डोक्याला नाही ना? बोल ना."

"काही नाही झालं, अप्पा. खरंच." ती त्यांच्या पायांकडे बघत होती. "चप्पल कुठे आहे तुमची? आणि आलात कसे?"

"बसवंताच्या मागे बसून."

हर्षिताने आरी खाली ठेवली. "तुम्ही? मागे बसून?"

तोवर शौर्य लंगडत आला होता. तो पुरता ओशाळला होता. "मामा, सॉरी. हिने वाचवलं हो. पंपावर वास आला तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण ही तेव्हापासून पाठीत बुक्क्या मारत होती, हळू चालव, हळू चालव, चामडं जळतंय. शेवटी वैतागून मी तीसवर आलो आणि दोन मिनिटांत पट्टा तुटला. पिशवी चाकात. तीसवर होतो म्हणून आडवे होऊन मातीत गेलो. ऐंशीला असतो तर..." त्याने कोपराचं रक्त पुसलं. "आणि तुम्ही हिला काही बोलू नका, मामा. चूक झाली तिच्याकडून. काल रात्री म्हणे तुमचा पट्टा हिनेच सोडून परत बांधला, तो खाली गेला. मघाशी रडत सांगत होती."

प्रतापरावांनी मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून टाका ओढत होती.

काल रात्री पट्ट्याला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी आज सकाळी निरोप देताना स्वतः त्या बकलाला पुन्हा कुंकवाचं बोट लावलं होतं, बकल त्यांनी लावलं त्याच भोकात होतं. मुलगी नवऱ्याशी खोटं बोलली होती. दीड महिन्याच्या संसारात आपल्या डोक्यावर चूक घेतली होती, कारण जावयासमोर बापाची मान खाली जायला नको.

"आरी तू कधी उचललीस?" त्यांनी विचारलं.

तिने टाका ओढून पक्का केला. मग हळू आवाजात, शौर्यला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाली, "काल. तुम्ही बसला नाहीत, तेव्हाच."

एवढंच. रागाने नाही, टोमण्याने नाही. बापाने पहिली बैठक चुकवली म्हणजे कामात काहीतरी राहिलं असणार, आणि राहिलं असेल तर ते वाटेत उसवणार, एवढं तिने आजोबांच्या नेमावरून ओळखलं होतं. बापाला चारचौघांत बोलायचं नव्हतं, म्हणून ती आरी घेऊन निघाली होती. आणि सकाळी पाया पडून उठताना जे बोलायचं राहिलं होतं, ते कदाचित हेच असेल. प्रतापरावांना त्या क्षणी आपली इतकी लाज वाटली की जमिनीने पोटात घ्यावं. शौर्य म्हणाला ते ऐकून घेतलं, हो म्हटलं आणि घरी गेलं, तर हे कुणाला कधीच कळणार नव्हतं. बसवंतही बोलला नसता.

ते उठले. उठताना गुडघे कडकडले.

"शौर्यराव," ते म्हणाले, "ती खोटं बोलते आहे. पट्टा मी बांधला आणि मीच चुकलो. गाडी स्टँडवर असताना माप घेतलं. गाडी ओझ्याने बसते हे मला कळलं नाही, कारण मी तिच्यावर बसून बघितलंच नाही. कंबर धरली नव्हती माझी. मला भीती वाटते. वीस वर्षं वाटते. त्या भीतीपायी आज तुम्हा दोघांचा जीव गेला असता."

शौर्यने आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. हर्षिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. बसवंत झाडाकडे तोंड करून उगाच खोकला.

मग प्रतापरावांनी बाह्या सारल्या. चाकातल्या तीन तारा वाकल्या होत्या, त्या बसवंताने पान्याने सरळ केल्या. हिरवी साडी चाकात सापडून काळी झाली होती, ती हर्षिताने घडी घालून वेगळी ठेवली. लाडूंचा डबा चेपला होता, लाडू तेवढे शाबूत होते. प्रतापरावांनी उरलेला तंग सुरीने कापून काढला. "गाडीला पोट नसतं," ते म्हणाले, "तिला तंग कशाला?" त्यांनी गाडी स्टँडवरून काढायला लावली, शौर्य आणि बसवंत दोघांना वर बसवलं, पिशव्या लादल्या, आणि स्वतः मातीत पालथं पडून खालून बघितलं. मग प्रत्येक पिशवीला तिच्याच बाजूने, चाकापासून दूर, पायदानाच्या सळईला आणि सीटच्या दांडीला, त्याच तंगाच्या चामड्याचे दोन-दोन बंद दिले. भोकं त्यांनी पाडली, टाके हर्षिताने घातले. एकदा बंद गाडीला धरून ठेवायला दोरा हवा झाला तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि तिने न बघता दोऱ्याचा गुंडा त्यात ठेवला.

काम झालं तेव्हा ऊन वर आलं होतं.

"उतर, बसवंता," प्रतापराव म्हणाले. "शौर्यराव, तुम्ही चालवा. त्या पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत जायचं आणि यायचं. खड्डे चुकवायचे नाहीत."

ते मागे बसले. गाडी खाली गेली. त्यांनी शौर्यच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला. गाडी निघाली तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते, आणि मान वळवून ते सारखे मागच्या चाकाकडे बघत होते. हर्षिता रस्त्याच्या कडेला उभी राहून ते बघत होती.

परत आल्यावर ते उतरले, गाडीच्या आडोशाला जाऊन ओकले, तोंड धुतलं, आणि येऊन पिशवी आणि टायर यांच्यामध्ये हात घातला. पंजा सगळा गेला, वर जागा उरली.

"आता जा," ते म्हणाले.

हर्षिताने आरी ओढणीला पुसली आणि त्यांच्यापुढे धरली. प्रतापरावांनी ती घेतली. मुठीवरच्या दोन्ही झिजलेल्या खळग्यांवरून अंगठा फिरवला. मग हर्षिताची मूठ उघडून आरी तिच्या तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली.

"तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले.

बसवंताने त्यांना घरी आणून सोडलं तेव्हा साडेदहा झाले होते. कौशल्याबाई दारातच उभ्या होत्या. परसूने काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यांचा चेहरा उतरला होता. नवऱ्याला मोटरसायकलवरून उतरताना पाहून त्या आणखीच घाबरल्या. त्यांना सगळं विचारायचं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"आरी सापडली का तुमची?"

"सापडली," प्रतापराव म्हणाले, आणि ओट्यावर बसून पायात रुतलेले काटे काढू लागले.